नळीतला पिवळा रंग

३ फेब्रुवारी १९९८
पोहोचलो एकदाचे! कापडे गावाच्या पुढे, नदीकाठच्या पाणीयोजनेची क्वार्टर. दोन खोल्या, मागे साग. निशाला सहावा महिना, त्यामुळे एस.टी.च्या प्रत्येक वळणावर तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरत होतो. इथले जुने ऑपरेटर महादूकाका भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन दारात उभे. नव्या केमिस्टला आणखी काय हवं?

६ फेब्रुवारी
काका विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात ती आमटीत मीठ टाकल्यासारखी. अंदाजाने, वर सढळ हाताने. आणि विहिरीत सागाची पानं कुजलेली! क्लोरीन आणि कुजका पाला एकत्र आले की नको ती रसायनं तयार होतात, ट्रेनिंगमध्ये हेच तर घोकलं होतं. माझ्या बाळाने पोटात असतानाच ती प्यायची? छे! पाला उपसून काढला. आता पावडर पाणी गाळून झाल्यावरच, तीही निम्मी. निशासाठी तर पावडर पडायच्या आधीचं गाळलेलं पाणी कळशीभर आणतो. मीही तेच पितो.

२० फेब्रुवारी
नळीत पाणी घ्यायचं, रसायनाचे दोन थेंब टाकायचे. जितकं पिवळं होईल तितकं क्लोरीन. आज फिकट पिवळं, हवं तसं. पाण्याचा वास गेला, चहा गोड लागतो, असं ठकूबाई नळावर सगळ्यांना सांगत होत्या. मी जाम खूश.

१६ मार्च
भूक मेली आहे. उन्हाचा त्रास असेल. नळी मात्र गडद पिवळी. एवढं क्लोरीन येतंय कुठून? पावडर पाव केली.

१९ मार्च
अजून पिवळी. पावडर बंदच केली. काका म्हणाले, "सायेब, नळी पांढरी हाय. पाण्यात औषध नाय." तुमची नजर गेली, असं मी त्यांना सुनावलं. गावाला पाणी सोडलं.

२२ मार्च
पावडर नाही, तरी पिवळी. भिंत पिवळी. भात पिवळा. त्याचं काही वाटत नाही. बसून राहतो. निशाला नळी दाखवली — तीही पिवळीच म्हणाली. हायसं वाटलं.

२५ मार्च, सकाळ
गावात कावीळ. सात घरं. नर्सबाई अम्बरीन आल्या. त्यांच्यापुढे नळी धरली. पांढरी आहे म्हणाल्या. मग माझे डोळे पाहिले. मग निशाचे. पाणी कुठलं पिता, विचारलं. सांगितलं. निशाला आत्ताच्या आत्ता महाडला न्या म्हणाल्या — अशा दिवसांत कावीळ म्हणजे —

दुपार
काका जीप बघायला गेलेत. निशा म्हणते, कालपासून बाळ हललं नाही. डावा हात तिच्या पोटावर ठेवून लिहितोय. हाताला काही लागत नाही. कदाचित माझाच हात बधिर — थांब, जरा खाली — इथे —

नाही. इथेही