मोठ्याचं

३ जुलै, गुरु.
सकाळची ड्युटी. इथे जुलै म्हणजे हिवाळा; धुक्यामुळे डायलिसिसचे तीन पेशंट उशिरा पोचले, सगळं वेळापत्रक कोलमडलं. घरी यायला चार.
अन्वीचा फोन. लिअमचे आईवडील शनिवारी १२ तारखेला आपल्याकडे जेवायला येणार. साखरपुडा म्हणायचा तर हाच. अंगठी त्याने मे महिन्यातच दिली, कुठल्याशा समुद्रावर, आम्हाला न विचारता.
"आणि मम, लेट्स डू अ रोस्ट. बीफ."
मी म्हटलं, चिकन करू. तर म्हणाली, लिअमची आई जॅन दरवेळी आपल्यासाठी वेगळं चिकन करते, आपण इंडियन म्हणून, आणि मला लाज वाटते. मी बीफ खाते, डॅडही कामावर मीट पाय खातो, बीफ भरलेला. म्हणजे मिलिंद खातो हे लेकीला माहीत. मलाच नव्हतं.
हो म्हटलं. 

४ जुलै, शुक्र.
मी शेवटचं कधी खाल्लं? नर्सिंगला जायच्या आधी. पस्तीस वर्षं झाली असतील. आमच्या घरात त्याला बीफ म्हणत नव्हते, गोमांस तर नाहीच. 'मोठ्याचं' म्हणायचे. बकऱ्याचं ते मटण आणि हे मोठ्याचं, तेही हळू आवाजात. परभणीला बाबांना क्वार्टर मिळाल्यावर शब्दच बंद झाला. बाबा नुसतं "आणलंय" म्हणायचे, आई समजायची.
इथे परदेशात वीस वर्षांत आपण कोण हे मराठी माणसांपैकी कुणालाही सांगितलेलं नाही. कुणी विचारलंही नाही, हे खरं. आडनाव कुणाचंही असू शकेल असं. हॉलमध्ये बुद्ध आहे, पण इथे तो कुंड्यांच्या दुकानातही मिळतो, येणाऱ्याला शोपीस वाटतो. इथल्या महाराष्ट्र मंडळात जेवणाचा विषय निघाला की मीच आधी सांगून टाकते, आम्ही नाही हं बीफ खात. कुणी विचारलेलं नसतं.

६ जुलै, रवि.
अन्वीबरोबर सुपरमार्केट. दिसायला देखणे तुकडे महाग. अन्वीने बोलार उचललं. खांद्याकडचा भाग, एक किलो आठशे ग्रॅम, सवलतीत. स्वस्त कारण निबर. मंद आचेवर खूप वेळ ठेवायचं, मम, बाकी काही नाही, म्हणाली. मी ते ट्रॉलीत ठेवलं, वर पालक, त्याच्यावर कोथिंबीर, त्याच्यावर टॉयलेट रोलचा गठ्ठा. अन्वी बघत होती.
रांगेत मागे मेधा. इथे हॅमिल्टन गावात माझं हक्काचं माणूस कोण, तर ती. पंधरा वर्षं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस अन्वीला शाळेतून तीच आणायची. अन्वीची मेधामावशी.
सामान पट्ट्यावर ठेवायची वेळ आली. पाकीट उलटं ठेवलं तर लेबल नेमकं त्याच बाजूला. मेधा काही बोललीही नव्हती. चोराच्या मनात चांदणं, मीच म्हणाले, "हे वॉर्डातल्या एकीसाठी गं, तिच्याकडे गाडी नाही." मेधा म्हणाली, बरं बरं. मग धुक्याबद्दल बोलत राहिली.
घरी आल्यावर अन्वी पाकीट फ्रीजमध्ये ठेवताना म्हणाली, "सो हू इज द लेडी विदाउट द कार?"

७ जुलै, सोम.
अन्वी म्हणते, मेधामावशीलाही शनिवारी बोलाव, शी इज फॅमिली. म्हटलं, ती बीफ खात नाही. मग तिच्यासाठी पनीर कर, त्यात काय एवढं, म्हणाली.  मेधाला कामं आहेत म्हणून वेळ मारून नेली.
मि.ला सगळं सांगितलं. तो बातम्या बघत म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडतेस. मग आपणहून म्हणाला, आठवड्यातून एकदाच खातो गं, तो मीट पाय.
मला भीती कशाची वाटते? मेधाला कळलं तर ती पूर्वीसारखी येईल का, याची. बस. लिहून टाकलं.

९ जुलै, बुध.
आईला परभणीला फोन. इथले साडेचार, तिथे सकाळचे दहा. भावाच्या घरी असते, फोन स्पीकरवर असतो, म्हणून आधी तिला आतल्या खोलीत जायला सांगितलं. विचारलं, निबर मटण मऊ कसं करायचं. कशाचं, म्हणाली. म्हटलं, मोठ्याचं.
तिने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "कोण खायलंय तिथं?"
अन्वीच्या सासरचे.
"गोरे?"
हो म्हटलं.
"मंग सांगते."
धुऊन पुसून कोरडं कर. मीठ आदल्या दिवशीच चोळ. पाणी घालू नको, त्याचंच सुटतं. झाकण सारखं उघडून बघू नको. मोठ्याला घाई चालत नाही. आम्हाला निबरच मिळायचं, चांगला भाग आम्हाला कोण द्यायला बसलंय. एकदा सुरू झाल्यावर आई थांबेना. तिचा आवाज तरुण झाल्यासारखा वाटला. चाळीस वर्षांत हे कुणी तिला विचारलेलंच नव्हतं.
शेवटी म्हणाली, "तू बी खाणारेस का?" मग तिनेच उत्तर दिलं. "खा," ती म्हणाली. "पण तिथल्या आपल्या लोकांत सांगू नको."
आपले लोक म्हणजे मंडळातले. तिला ते सगळे आपले वाटतात.

११ जुलै, शुक्र.
मीठ, लसूण, मिरी चोळून ठेवलं. एक चमचा काळा मसाला, आईने पाठवलेला. अन्वीचा मेसेज, ग्रेव्ही विसरू नकोस. कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवलं. बटाटे, गाजरं, भोपळा आणलाय. घर पुसलं. मि.ने मागच्या अंगणातली हिरवळ कापली, थंडीत कुणी मागे जाणार नाही तरी.

१२ जुलै, शनि.
दुपारी मांस कोरडं करून बिडाच्या भांड्यात चारी बाजूंनी लाल केलं. खाली कांद्याच्या जाड चकत्या. झाकण. एकशे चाळीसवर ओव्हन, एक वाजता आत.
तीनच्या सुमाराला वास सुटला. मी टेबल लावत होते. तो वास मी ओळखला. पुढचं मी ठरवून केलं नाही, एवढं नक्की. आधी खिडक्या लावल्या. मग फ्रीजरमधून सुकटीची पिशवी काढली, मि.ला चटणी आवडते म्हणून घरात असते. दोन मुठी तव्यावर टाकल्या आणि धूर होईपर्यंत परतत बसले.
चार वाजता अन्वी आली ती नाकाला हात लावूनच. "मम, डिड समथिंग डाय?" तवा बघितला, खिडक्या बघितल्या. दोन तासांत माणसं येणार आहेत आणि तू झिंगे भाजतेस?
मग सांगितलं. क्वार्टरमध्ये रविवारी आई मोठ्याचं शिजवायला ठेवायची तेव्हा शेजारच्या शेगडीवर सुकट भाजायची. सुकटीच्या वासाला लोक नाक मुरडायचे, एवढंच. तेवढं चालायचं. मला दारात उभं करायची, कुणी विचारलं तर सुकट म्हण. मी म्हणायचे. सात-आठ वर्षांची असेन.
अन्वीने शेगडी बंद केली. एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या, घर थंडगार पडलं. ती एरवी माझ्याशी मराठीत बोलत नाही. आज म्हणाली, "आजी रोज भीत होती?"
रोज नाही, म्हटलं. रविवारी.
मग विचारलं, मेधामावशीला माहीत आहे का. नाही. "यू टेल हर, मम. लग्नाआधी. ऑर आय विल." मला राग आला. म्हटलं, सांगायचं ते माझं आहे, तुझं नाही. म्हणाली, "देन टेल इट."
तिने तवा घासला, मी बटाटे सोलले. 

सहाला तिघं आली. लिअम "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, करत मि.च्या गळ्यात. जॅनने घरी केलेला पावलोवा केक आणलेला. आत येताच म्हणाली, प्रॉन्स? मि. म्हणाला, स्टार्टर होतं, आम्हीच संपवलं. सगळे हसले. आमच्या घरात खोटं बोलायला कुणाला वेळ लागत नाही.
झाकण उघडलं. पाणी घातलं नव्हतं तरी भांड्यात बोटभर रस. लिअमच्या वडिलांनी, ग्रँटने, कापून दिलं. तंतूंच्या आडवं कापायचं हे अन्वीला दाखवलं. सुरीला जोर लावावा लागला नाही. मग अन्वीने ग्रेव्ही मागितली आणि मी वाटणाचा लालभडक रस्सा पुढे केला. तिचा चेहरा. तिला म्हणे तो तपकिरी पातळ सॉस हवा होता. ग्रँटने काही न बोलता बटाट्यांवर रस्सा ओतून घेतला, दोनदा.
जॅनने पहिला घास घेतला आणि म्हणाली, बोलार ना? आम्ही सात भावंडं, रविवारी हेच. याच्या वरचं परवडायचंच नाही. "वी वेअर पुअर अ‍ॅज एनिथिंग." आणि गाजराचं भांडं मागितलं. आपण पूर्वी टेकडीवर राहायचो असं कुणी सांगावं, तितक्या सहज म्हणाली. मला तिचा हेवा वाटला.
मी म्हणाले, "अस टू. सेम कट. माय मदर कुक्ड इट."
काही झालं नाही. ग्रँट म्हणाला, गुड ऑन हर. जॅन म्हणाली, मग तिलाच विचारायला हवी रेसिपी. मि. ताटात बघत होता. अन्वी माझ्याकडे.
मग खाल्लं. दोन काप. आईचं जास्त तिखट असायचं, पण खाली तीच चव होती. रडू आलं ते मोहरीच्या सॉसवर ढकललं.

१३ जुलै, रवि.
उरलेलं मि.ने पावात घालून खाल्लं, माझ्यासमोर. म्हणाला, बोललीस की तू काल.
बोलले. पण गोऱ्यांना सांगणं सोपं. त्यांना त्यातली गरिबी कळते, दुसरं काही कळतच नाही. मेधाला अर्ध्या वाक्यात सगळं कळेल. तिला सांगायला फोन तीनदा हातात घेतला आणि ठेवला.

१६ जुलै, बुध.
अन्वीचा मेसेज, नुसतं प्रश्नचिन्ह. 

२० जुलै, रवि.
मेधाबरोबर नदीकाठी चालायला गेले. सांगितलं. आधी पाकिटाचं, की वॉर्डातली बाई नव्हतीच. मग परभणीचं. मग आम्ही कोण ते, सरळ. चालता चालताच सांगितलं, तिच्याकडे न बघता. समोर बसून जमलं नसतं.
मेधा मग म्हणाली, "शैला, मला माहीत आहे गं. तुझी आई आली होती ना, बारा वर्षं झाली असतील. तू आत चहा करत होतीस. त्यांनी मला जयभीम केला. मीपण केला."
मग बोलली का नाहीस?
"तू सांगत नव्हतीस. म्हटलं, तुला नको असेल."
मी तिथेच बाकावर बसले. हसू आलं, रडूही. तीही बसली, माझा हात धरून. आईने मला सांगू नको म्हटलं आणि स्वतः केव्हाच सांगून बसली होती. किती हलकं वाटलं ते लिहिता येत नाही. गाडीपर्यंत आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.
गाडीचं दार उघडताना म्हटलं, शनिवारी जेवायला ये. मी बोलार करतेय पुन्हा, तुला भरीत-भाकरी. सहाला.
"बघते गं. कळवते."

२३ जुलै, बुध.
मेधाला सांगितल्याचं अन्वीला कळवलं होतं. तिने खूप हृदयं पाठवली.
आज एका पेशंटला सुई लावताना मध्येच मनात आलं. बारा वर्षं तिला माहीत होतं. तेव्हापासून मेधाने माझ्या घरी काय काय खाल्लं ते आठवायला लागले. चहा, असंख्य वेळा. बिस्किटं, पाकिटातली. अन्वीच्या वाढदिवसाचा केक, तो बेकरीचा. दिवाळीचा फराळ मी देते तो ती घरी नेते, सावकाश खाऊ म्हणते. जेवायला थांब म्हटलं की कधी उपास, कधी घरी मुलगा एकटा, कधी आत्ताच जेवून आलेली. यातलं एकही खोटं नसेल. खरंच नसेल. पण माझ्या हातची पोळी तिने मोडलेली मला आठवत नाही.
तिने नदीवर माझा हात धरला होता, तेही खरं आहे.
मि.ला विचारलं, मेधा आपल्याकडे कधी जेवलीय का रे. त्याने विचार केला. म्हणाला, जेवली असेल की, एवढ्या वर्षांत.
असेल.
शनिवारी सहाला म्हटलंय. तिने अजून कळवलेलं नाही.