बाबाच्या नाकाचा इंग्रज

मु. आरमोरी

तीर्थस्वरूप देवाजीभाऊंच्या पायी लटारूचा दंडवत. इथी धान घरात आलं, मायची तब्येत बरी हाये. तुमचा गुडघा कसा हाये, वहिनी रागावल्या तर नाईत ना, ते कळवा.

पत्र लिहाचं कारण अभिमानाचं हाये. सरकारनं गावची मालगुजारी काढून घेतली तेव्हा मालगुजारानं घरातलं भंगार विकलं, त्यात मी एक टिनाची पेटी घेतली (तुम्ही तेव्हाच चामोर्शीले सासुरवाडीत राहाले गेले, त्याबद्दल मी काही म्हणत नाई). पेटीच्या तळाशी चुन्याच्या डबीएवढी तसबीर निघाली. हस्तिदंतावर रंगवलेला गोरा माणूस, पांढरे कुरळे केस, गळ्याशी झालर, गालावर लाली. पण नाक आपल्या बाबाचं. बाबाचा फोटो कधी निघालाच नाई. फोटोवाला गावात आला की बाबा धानाच्या बांधीत, चिखलात. मायनं तसबीर उजेडात धरली, लय वेळ पाहिली आणि म्हणाली, "केस तेवढे त्याचे नाई." मग ती देवघरात ठेवली. रोज हळदकुंकू लावे, आणि बाबा असताना जे बोलता आलं नाई ते सगळं त्याले ऐकवे. पाव्हणे आले की मी छाती काढून दाखवो. बापाची रंगीत तसबीर गावात दुसऱ्या कोणाकडं होती? मालगुजाराचा बापसुद्धा काळा-पांढराच.

परवा चांद्याहून एक मडम आली, संगं जंगल खात्याचे बाबू, तिचं बोलणं आम्हाले सांगाले. तिचे आजोबा इकडं जंगलचे साहेब होते, तापानं वारले. त्याईची कबर ती शोधून राह्यली होती. साहेबाची पेटी मालगुजाराकडं पडून राहिली होती म्हणे, आणि पोलीस पाटलानं माझ्या तसबिरीची कीर्ती सांगतली. मी ऐटीत वडील दाखवले. मडम पाहून रडालेच लागली. बाबू म्हणाले, हा तिच्या खानदानातला पुराना सरदार, दीडशे वर्षांवरचा. घरी फक्त त्याच्या गोष्टी उरल्या होत्या. मी सांगतलं, असंन सरदार, पण नाक आमचं हाये, तसबीर भेटणार नाई. (बाबूनं नाकाचं तिले काऊन सांगतलं नाई, कोण जाणे.)

मडमनं हट्ट केला नाई. जोडे काढून देवघरासमोर बसली, नुसती पाहत. तेव्हा मायनं तसबीर उचलली, पदरानं कुंकू पुसलं आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

"मी याच्यासंगं अख्खा संसार केला, बाई," माय म्हणाली. "तू तर याले आता पाहून राह्यली. घेऊन जाय."

मडम पैसे काढाले लागली, तर मायनं उलट तिच्याच ओटीत तांदूळ घातले. भाऊ, इंग्रज देश सोडून गेले तेव्हा कोणी त्याईची ओटी भरली असंन असं वाटत नाई. आपल्या मायनं भरली. तुम्हीपण चामोर्शीत ताठ मानेनं सांगा.

आपला लहान भाऊ
लटारू

ता. क. मायची तब्येत बरी हाये असं वर लिहिलं, ते तितकं खरं नाई. मडम गेल्यापासून ती रिकाम्या देवघरासमोर बसते. मले रागावतसुद्धा नाई. माझं नाक मायवर गेलं. बाबाचं आता फक्त तुमच्यापाशी हाये. शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत फोटोवाला येते. बाबाचा पटका घेऊन मी येतो. तुम्ही मिशी भादरून या, बाबाले नव्हती.

आणखी ता. क. देवघरात फोटोले रोज हार पडंन. वहिनीले आधीच समजावून ठेवा.