गॅलरीतले बोंबील

टोरांटो, २८ डिसेंबर

सखू,

तुझ्या गुडघ्याला आराम पडला असेल असं धरून लिहितो.

मी मजेत आहे. आपली नमिता घरातही मोजे घालायला लावते. बर्फ पाहिला की शाळेतल्या कविता ओठांवर येतात, पण ऐकायला तू नाहीस.

काल दुकानातून बोंबील आणून गॅलरीत दोरीवर टांगले, मढच्या किनाऱ्यावर तू टांगतेस तसेच, जबड्यात जबडा अडकवून. संध्याकाळपर्यंत त्यांची लाकडं झाली. नमिता हसली, "बाबा, इथं सुकत नाही, गोठतं." मग हळूच म्हणाली, "आता इथंच राहा ना."

मी गॅलरीत गेलो. जोडीतला एक बोंबील सोडवला, तर दुसराही घसरून पडला.

मार्चचं तिकीट जानेवारीचं करायला सांगितलंय. तोवर एकटी बोंबील टांगायला जाऊ नकोस.

तुझ्याकडे निघालेला,
चंदू