मेंढ्यांच्या रानात उतरले

न्यूझीलंड

ती. आईस,
वृषालीचा जय भीम.

फोनवर हे सांगितलं असतं तर तू मधेच रडायला लागली असतीस, म्हणून लिहिते. मी धडधाकट आहे, हे आधी वाच.

लायसनसाठी लागणारे उड्डाणाचे तास आता निम्म्याच्या वर गेले. परवा एकटीच हेलिकॉप्टर घेऊन निघाले, तर डोंगरापाशी धुकं दाटलं. तसंच पुढं गेले असते तर आणखी एक तास पदरात पडला असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण खालचं दिसेनासं व्हायला लागलं, तशी मागं वळले आणि मोकळं रान बघून उतरले.

मेंढ्या चौखूर उधळल्या. मालकीणबाई काठी घेऊन धावत आली. वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाली, "पोरी, लागलं नाही ना?" घरात नेऊन चहा पाजला. बिनसाखरेचा होता, तरी प्याले.

धुकं निवळल्यावर परतले. उड्डाण शिकवणारे सर रागावतील म्हणून मान खाली घालून उभी होते. ते म्हणाले, "बरं केलंस. तास पुढंही भरतील. आता तुला डोंगरापलीकडं एकटीला पाठवायला मला धास्ती नाही."

अण्णांचा गुडघा कसा आहे? लोक हसतील म्हणून ते मिरजगावात अजून "पोरगी बाहेर शिकतीय" एवढंच सांगतात का? आता खुशाल सांगा म्हणावं, पायलट होतीय.

काळजी करू नको म्हटलं तरी करशीलच. थोडी कमी कर.

तुझी,
वृषाली