दुसऱ्या मजल्याचं मत

गिरगाव, २१ जुलै २०२५

ती. नलूताईस, मनमोहनचा सा. न. वि. वि.

फोनवर मी हं-हं करून ठेवून देतो म्हणून तू रागावलीस, तेव्हा लिहितो. प्रकृती ठीक आहे. डबा शेजारच्या जाईबाईंकडून येतो. मीठ जास्त असतं, पण त्यांना सांगणार कोण?

काल चाळीच्या समितीची सभा झाली. गणपतीतलं नाटक यंदा करावं का, हा ठराव होता. इतकी वर्षं ते आमची यशोदाच बसवत होती. फाल्गुनात ती गेली, म्हणून यंदा नको असं काहींचं म्हणणं. तीन मतं बाजूने, तीन विरोधात. सातवा मी, दुसऱ्या मजल्याने निवडून दिलेला. प्रश्न माझ्याच घरचा, त्यात हात वर करणं बरं दिसत नाही, म्हणून तटस्थ राहिलो. समान मतं पडली की आमच्याकडे ठराव बारगळतो. नाटक रद्द झालं. अध्यक्ष बाबुराव दरवर्षी राजा होतात, त्यांनीही विरोधातच मत दिलं.

मी केलं ते योग्यच ना, एवढं कळव. भाच्यांना आशीर्वाद.

तुझा,
मनमोहन


माहीम, २६ जुलै २०२५

चि. मनमोहन यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू चार ओळींच्या वर लिहिलंस, म्हणून ते फ्रीजवर लावून ठेवलंय.

मुलगी पसंत आहे का असं बाबांनी विचारलं, तेव्हाही तू तटस्थच होतास. त्यांनी होकार धरला, हे तुझं नशीब. यशोदा सांगायची की भाजी कोणती करू विचारलं की हा पेपर वर करतो. म्हणूनच नाटकात तुला पहारेकरी करायची. भाला धरायचा, बोलायचं काही नाही.

आता ऐक. जिना रंगवायचं काम तुझ्या जावयाला द्यायचं असतं, तर सभेतून उठून बाहेर बस असं मीच सांगितलं असतं. इथे तुला काय मिळणार होतं? गप्प बसायचंच होतं तर दुसऱ्या मजल्याने तुला कशाला निवडलं? गप्प त्यांना घरीच बसता आलं असतं. त्यांना काय हवं ते विचारलंस तरी का? तू हात वर केला नाहीस आणि नाटक पडलं. मग तटस्थ कसला रे? तुला नको असेल तर नको म्हण. कोणी तुला खाणार नाही.

मिठाचं जाईबाईंना मी सांगू का? की तिथेही तटस्थ?

जेवत जा. आमचा जीव आहे तुझ्यावर, हे विसरू नकोस.

तुझी,
नलूताई


गिरगाव, ६ ऑगस्ट २०२५

ती. नलूताईस, सा. न. वि. वि.

मिठाचं सांगू नकोस, आता सवय झाली आहे.

तू लिहिलंस ते खरं आहे. हवं की नको, हे मला ठरवता येत नव्हतं. चौकातून तालमीचा आवाज वर येणार आणि त्यात तिचं ओरडणं नसणार, याची धास्ती होती. तटस्थ म्हटलं की ते सांगावं लागत नाही.

तुझं पत्र वाचून मजल्यावर दारोदार गेलो. चहा इतका झाला की रात्री जेवलो नाही. नाटक सगळ्यांनाच हवं होतं, पण माझ्यासमोर बोलायचं कसं, असं म्हणाले. मग बाबुरावांकडे गेलो. त्यांनी राजाची मिशी जूनपासूनच वाढवली होती. सभेत मी मान खाली घालून बसलो, त्यावरून माझ्या मनात नाही असं त्यांनी धरलं. मी माझ्याच धास्तीने गप्प आणि ते माझ्याकरता विरोधात.

रविवारी पुन्हा सभा घ्यायला लावली. उभा राहून सांगितलं की दुसऱ्या मजल्याला नाटक हवं आहे, मला ते जड जाईल, तरी माझं मत बाजूनेच आहे. ठराव एकमताने झाला. बाबुराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले की आता ही काढायला नको.

काल पहिली तालीम झाली. मी गॅलरीत उभा होतो. जाईबाईंनी खालून वर बघितलं आणि भाऊ, त्रास होतोय का असं विचारलं. होतोय, पण थांबू नका, असं त्यांना सांगितलं.

नाटकाला तू ये. आमच्यावर रागावत राहा, तेवढं चालतं.

तुझा,
मनमोहन