मोगऱ्याची तहान

वडगाव निंबाळकर
३ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
प्राचीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू बरं बरं म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते.

मोगऱ्याला यंदाही फूल नाही. लग्नात तू दिलेलं रोप चार वर्षांत खिडकीच्या गजांपर्यंत गेलं. पानं जाड, काळपट हिरवी. कुंपणावरच्या जाईकडे कुणी बघत नाही, तरी ती सगळा पावसाळा फुलली. मोगऱ्याला मात्र माझे सासरे, आबा, उसाच्या बरोबरीनं युरिया देतात. पाटाला पाणी आलं की आधी दारातलं झाड, मग शेत.

सासूबाईंनी काल निकाल दिला. गुढीपाडव्यापर्यंत फूल दिसलं नाही तर त्या जागी कडबाकुट्टीचं यंत्र बसणार. म्हणाल्या, माहेरून आणलंस ते झाड की वैरण?

हे गेलंच तर तुझ्या झाडाचं दुसरं रोप मिळेल का? तब्येत जपावी आणि लवकर लिहावं.

तुझी,
प्राची

पळसदेव
१२ नोव्हेंबर

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

रोप मिळणार नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी परसापर्यंत चढलं, महिनाभर ओल हटली नाही, आणि माझ्या झाडाची मुळं कुजली. कळवून काय होणार होतं, म्हणून कळवलं नाही. जुनं गाव पाण्याखाली जायच्या आधी तुझ्या आजीनं ते मुळासकट काढून डोक्यावरच्या पाटीतून इथं आणलं होतं. आता त्याचं एकच रोप जिवंत आहे, आणि ते तुमच्या दारात युरिया खातं आहे.

जाई-जुईचं निराळं. त्या पावसात नव्या फुटीवर आपोआप फुलतात. कुंदा थंडीचा. मोगरा तहानेचा. तहान लागल्याशिवाय त्याला फुलायचं सुचत नाही. आजपासून पाणी बंद. पानं मलूल होऊन पिवळी पडू देत. मग उरलेली पानं हातानं ओरबाडायची, फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवून छाटायच्या, बुडाची माती उकरून चार दिवस ऊन दाखवायचं. त्यावर कुजलेलं शेणखत, आणि त्यानंतरच पाणी.

तुझ्या सासूबाईंना, रंगूबाईंना नमस्कार सांग. त्यांचं म्हणणं खरं आहे. सध्या ती वैरणच आहे.

सर्वांना माझी आठवण सांगावी.

आत्या

वडगाव निंबाळकर
१६ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाणी बंद करून महिना झाला. एक पान पिवळं नाही. आबांना विचारलं तर म्हणाले की काळी माती आहे, खालून ओल ओढत असेल. मला पटलं. सासूबाईंना पटलं नाही. त्या टेप घेऊन यंत्राची मापं काढून गेल्या.

काय करू ते लिही. लोभ आहेच, सल्लाही असावा.

प्राची

पळसदेव
२२ डिसेंबर

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

झाडाला थापा मारता येत नाहीत. उजाडल्यावर बुडाशी चार बोटं माती उकर. वर ओली आणि खाली कोरडी असेल तर कुणीतरी पाजतं आहे. कोण ते कळलं तरी बोलू नकोस. असं वाईट माणूस करत नाही.

आत्या

वडगाव निंबाळकर
१ जानेवारी २०२५

श्रीमती जयवंताबाई यांस,
प्राचीच्या सासऱ्याचा, मानसिंगचा रामराम.

मी पत्र लिवत न्हाय. शेवटचं लिवलं ते कारखान्याला, ऊसतोड कधी म्हणून. आज लिवतो कारण चूक माजी हाय. पाणी मीच घालत व्हतो. पहाटं तोंड धुतलं की तांब्यात राहील तेवढं झाडाच्या बुडाशी. सूनबाईनं बंद केल्यावर मी दोन तांबे केले. आमी उसाची माणसं. पाण्याची पाळी चुकली तर आमाला जेवान जात न्हाय. दारातलं झाड मुद्दाम तहानेलं ठेवायचं, हे ह्या वयात शिकायचं म्हंजे अवघड हाय.

परवा बघतो तर तांब्या झाडापाशी पालथा ठेवल्याला. सूनबाईनं एक अक्षर काढलं न्हाय. चहा दिला, रोजच्यासारखा. बोलली असती तर भांडलो असतो.

आता किती दिस, तेवढं सांगा. मोजून ऱ्हातो. आमच्या मंडळींना यातलं कळू देऊ नका.

चूक पोटात घालावी.

मानसिंग

पळसदेव
८ जानेवारी

श्री. मानसिंगराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचल्यापासून वीस दिवस. नऊ वर्षांची असताना मी याच्या मूळ झाडाला असंच चोरून पाणी घातलं होतं. त्या वर्षी मोगऱ्याऐवजी आईनं देवाला तगर वाहिली आणि मला काही म्हटलं नाही. ते अजून लागून आहे.

वीस दिवस तोंड शेतातल्या विहिरीवर धुवा. छाटणीच्या दिवशी घरी थांबू नका, तुम्हाला बघवणार नाही. तहानेचा ताण तोडायचं पहिलं पाणी मात्र तुम्हीच घालायचं. प्राचीला तसं लिहिते.

व्याह्यांचा स्नेह आहे तसा राहावा.

जयवंता

वडगाव निंबाळकर
२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाडव्याच्या आदल्या दिवशीही नुसत्या कळ्या होत्या, हरभऱ्याएवढ्या. सासूबाई म्हणाल्या, ठरलं होतं फुलाचं, कळीचं नाही. पाडव्याला उजाडताना तीन फुलं उमलली होती. त्यांनी एक गुढीला लावलं, एक देवाला वाहिलं. तिसरं दुपारी त्या भाकरी थापायला वाकल्या तेव्हा अंबाड्यात दिसलं. यंत्र आता गोठ्यामागं बसणार. तिथं सावली बरी, असं त्यांचं म्हणणं.

फेब्रुवारीत पहिलं पाणी आबांनी घातलं. मी तांब्या सुलटा करून पायरीवर ठेवला होता. त्यांनी एकच तांब्या ओतला आणि तो रिकामा हातात धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांनी तुला कधी लिहिलं होतं का? सासूबाई म्हणतात, पाकिटाला डिंक मीच लावून दिला.

खालची एक फांदी वाकवून मातीत दाबली आहे, वर दगड ठेवला आहे. पावसाळ्यात मुळं धरली की तोडून तुझ्याकडे आणू. सोबत एक कळी पाठवते. आजीचाच मोगरा आहे का, ते सांग.

प्राची

पळसदेव
९ एप्रिल

चि. प्राचीस,
अनेक आशीर्वाद.

कळी तपकिरी होऊन पोचली. तोच आहे.

परसात भर घालून जागा हातभर उंच करून घेतली आहे. रोप घेऊन मानसिंगराव आणि रंगूबाई दोघांनीही यावं. जेवण मिळेल, मुक्काम मिळेल. मानसिंगरावांना तांब्या मिळणार नाही.

वाट बघते.

आत्या