लॉकरेच्या घरात पहिला घाव कोणी घातला

मी, फिन्टन मायकेल हेशन, वय एकाहत्तर, धंदा पाथरवटाचा, राहणार बुलॉन, लॉकरेपासून चार मैल, जिल्हा गॉलवे, आयर्लंड, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते येथे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्वादुपिंड ठिकाणावर नाही. तेच डॉक्टर म्हणतात की ईस्टर बघायला मिळेल, उन्हाळा नाही. मी दारू प्यायलेलो नाही आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उजव्या हाताची बोटे मिटत नाहीत, म्हणून मजकूर आणि सही दोन्ही डाव्या हाताने केली आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या भावाचे नावही नव्हते.

कलम १. सगळी व्यवस्था वकील ऑनर मॅकनल्टी यांनी पाहावी. मला वडिलांच्या शेजारी पुरू नये. ते पट्ट्याने मारायचे आणि फटके मोजायला आम्हा दोघा भावांनाच लावायचे. माझा आकडा चुकला की पुढचा फटका कोलमनला, त्याचा चुकला की मला. आईशेजारची जागा कोलमनसाठी राखावी. त्याला नको असेल तर ती रिकामी राहू द्यावी, पण मला तिथे घालू नये.

कलम २. छिन्न्या, पहारी, ओळंबा, गुण्या आणि दगड उचलायची साखळी ब्रोना कॅनी हिला द्यावी. अकरा वर्षे तिने माझ्याबरोबर काम केले. तिच्याइतकी सरळ भिंत मला कधी जमली नाही, आणि हे मी तिला कधी सांगितले नाही. दीड किलोचा हातोडा या सामानात नाही. खटल्यानंतर पोलीस तो परत देत होते, मी घेतला नाही.

कलम ३. आता तलावाकाठच्या आमच्या घराविषयी, म्हणजे जे आज माझे नाही त्याविषयी.

आईने ते एकट्या माझ्या नावे केले होते. 'थोरला धाकट्याला सांभाळून घेईल' एवढे खाली लिहिले होते. कायद्यापुढे त्या ओळीला काही वजन नव्हते. कोलमन नऊ वर्षे तिच्याजवळ राहिला. आंघोळ, भरवणे, कूस बदलणे, सगळे त्यानेच केले. तरुणपणी तो बॉक्सिंग करायचा, आणि पबमधल्या एका मारामारीबद्दल त्याला शिक्षाही झाली होती. त्याच हातांनी तो आईचे केस विंचरायचा. ती गेल्यावर मी त्याला शब्द दिला की मार्चपर्यंत घर विकायला काढणार नाही, आणि विकले की अर्धा हिस्सा त्याचा.

डिसेंबर लागताच घरांची दलाली करणारी डर्व्हला टॅन्सी माझ्याकडे आली. "फिन्टन, आज अख्ख्या लॉकरेत विकायला दोन घरं आहेत, त्यातल्या एकाला छप्पर नाही," ती म्हणाली. "नाताळात लंडनची, सिडनीची पोरं घरी येतात. आईबापांच्या सोफ्यावर चार रात्री काढल्या की त्यांना कसलंही घर चालतं. मार्चमध्ये वीस पाट्या लागतील, मग लोकांना तुझ्या भिंतींची ओल दिसायला लागेल."

मी हो म्हणालो. कोलमनला सांगितले नाही.

अठ्ठावीस डिसेंबर २०१९, शनिवार. मी त्याला एका मित्राकडे जेवायला पाठवले होते. मित्राला ताप होता, म्हणून तो लगेच परत आला. घरात घर बघायला आलेली बावीस माणसे होती. डर्व्हलाने नाताळच्या झाडावरचे दिवे चालू ठेवले होते आणि वास सुटावा म्हणून ओव्हनमध्ये लवंगा टोचलेली संत्री घातली होती. वर एक गृहस्थ बुटांसकट कोलमनच्या पलंगावर आडवा होऊन खोलीची लांबी बघत होता.

"मी इथं राहतो," कोलमन म्हणाला. "तुम्ही सगळे बाहेर व्हा."

कोणी हलले नाही. पलंगावरच्याने डर्व्हलाला विचारले, "हे पण घराबरोबर येतात का?" दोघेचौघे हसले.

मी त्याला ओढत मागच्या स्वयंपाकघरात नेले.

"मार्च म्हणाला होतास, दादा."

"घर माझं आहे."

"आई म्हणाली होती की..."

"आईचं अंग धुतलंस म्हणून भिंती तुझ्या होत नाहीत."

"ठीक आहे. ओल कुठं कुठं आहे ते मी त्यांना दाखवतो," तो म्हणाला आणि वळला.

मागच्या दाराची पायरी मी बसवत होतो, त्यामुळे हातोडा खिडकीत होता. मी तो उचलला आणि त्याला मागून घातला. ऐन वेळी त्याने मान वळवली, म्हणून डोके वाचले, जबडा गेला. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. कोर्टात मी शपथेवर सांगितले की पहिला घाव त्याचा. ते खोटे होते. पहिला घाव माझा. दुसराही माझाच, खांद्यावर, तो गुडघ्यांवर कोसळलेला असताना.

मग तो उठला. माझे उजवे मनगट धरून हात पायरीच्या दगडावर दाबला, हातोडा हिसकावला आणि बोटांवर तीनदा मारला. चौथ्यांदा उगारला तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हातोडा टाकून दिला. त्या क्षणी तो मला मारून टाकू शकला असता. हेही मी कोर्टात सांगितले नाही.

वाचणाऱ्याला वाटेल की घर रिकामे झाले. तिघे गेले. कोलमन दिवाणखान्यातून बाहेर निघाला, हनुवटीवरून रक्त गळत होते, तेव्हा लोकांनी बूट खराब होऊ नयेत म्हणून पाय मागे घेतले. जिन्यावरून कोणीतरी बॉयलर किती जुना आहे ते विचारले. रुग्णवाहिका यायच्या आत डर्व्हलाकडे पाच बोली आल्या होत्या.

सॉरखा क्विल्टी नावाची सात महिन्यांची गरोदर बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनेच माझ्या हाताला टॉवेल गुंडाळला. "सुरुवात कोणी केली ते मी पाहिलंय," ती हळूच म्हणाली. "पोलिसांनी तुम्हाला नेलं तर विक्री अडकेल. फेब्रुवारीत बाळ येतंय, आणि आम्ही सासूकडे एका खोलीत आहोत. घर आम्हाला द्या. त्यानं आधी मारलं असं सांगते मी."

मी मान डोलावली. तिने तसेच सांगितले आणि घर मी तिला विकले. कोलमनचा जबडा तारेने बांधलेला होता. त्याने खरे काय ते कागदावर लिहून दिले, पण जुन्या शिक्षेमुळे कोणी विश्वास ठेवला नाही. त्याने तीन वर्षे तुरुंगात काढली. त्याचा अर्धा हिस्सा मी दिला नाही.

कलम ४. बुलॉनचे घर, मागचे शेत आणि तलावाकाठचे घर विकून आलेली सगळी रक्कम, म्हणजे माझाही अर्धा हिस्सा धरून, कोलमन हेशन, सध्या मुक्काम कोव्हेंट्री, याला द्यावी.

कलम ५. काल मी सॉरखाकडे गेलो आणि हे सगळे लिहिणार आहे म्हणून सांगितले. आत तिची मुलगी रंगवत बसली होती. "तिचा वाढदिवस होऊन जाऊ द्या ना," ती म्हणाली. मी नाही म्हणालो. "मग काय सांगू तिला?" तिने विचारले. मी तिथून निघालो. कायदा सॉरखाचे काय करायचे ते ठरवेल. मात्र लक्षात घ्यावे की ती एक खोली मागत होती आणि खोट्याच्या बदल्यात ती देणारा मी होतो.

कलम ६. आज सकाळी मी कोलमनला फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याचे शब्द अजून नीट उमटत नाहीत, मला दोनदा विचारावे लागले. मी आजाराचे सांगितले आणि कलम ३ व ४ वाचून दाखवले.

"म्हणजे तू मेल्यावर वकीलबाई हे वाचणार," तो म्हणाला.

"हो."

"आणि तोवर मीच तो, भावाचा हात फोडणारा."

मी हातातला कागद खाली ठेवला.

"घर नको मला, दादा. पायांवर उभा आहेस ना अजून?"

"आहे."

"मग चालत जा."

म्हणून वकील मॅकनल्टी यांना सूचना: बाकी सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर लागू व्हावीत. कलम ३ उद्या, मंगळवारी सकाळी दहा वाजता, लॉकरेच्या पोलीस ठाण्यात, माझ्या तोंडून लागू होईल. त्यांनी सोबत यावे. मोटार आणू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांनाही माझ्याकडून काही मिळणार नाही.

फिन्टन मायकेल हेशन

साक्षीदार:
टाइग ब्रॉडरिक, शेजारी, बुलॉन
नूला फॉर्डी, लेखनिक, वकिलांचे कार्यालय

ठिकाण: लॉकरे
दिनांक: १२ जानेवारी २०२६